हातमोज्यांची फाइल

पप्पांना वसईच्या मातीत ठेवून मी बहरीनला परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुप्रसाद सरांनी माझ्या टेबलावर हाताने लिहिलेली पाच पानं ठेवली. १९८१ सालचा ऑक्टोबर, बुधवार. दुपारपर्यंत तीन प्रतींत टाइप करून हवी होती. पानं ठेवूनही ते गेले नाहीत. टाइपरायटरच्या कव्हराची घडी घालत उभे राहिले. ती घडी आमच्याकडे कुणीच कधी घालत नसे. मग म्हणाले, दुसऱ्या कुणाला दिलं असतं, पण ऑफिसात इंग्रजी टायपिस्ट मी एकटीच.

तो ऑगस्टमधल्या अपघाताचा अहवाल होता. आमची कंपनी पहारेकरी पुरवायची. मीना सलमान बंदराच्या गोदामांवर आणि अस्करला पगाराची पेटी नेणाऱ्या गाडीवर आमची माणसं असत, आणि त्यातल्या चौदा जणांना रिव्हॉल्व्हर बाळगायची परवानगी होती. एका दुपारी गोदामाच्या दारात अहमदच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली. ती फरशीवर आपटली आणि काँक्रीटचा टवका शेजारच्या राजनच्या पोटरीत घुसला. राजन पंधरा दिवसांत चालू लागला. अपघातानंतर पाच आठवड्यांनी माझे वडील, कंपनीचे शस्त्रमिस्त्री युस्टेस डाबरे, वर्कशॉपमधल्या बाकापाशी हातात कानस घेऊन बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी वाद घातला नाही.

चौथ्या पानावर मधोमध दोन वाक्यं होती. अपघाताचं कारण शस्त्राची अपुरी देखभाल हे असून त्याला दिवंगत डाबरे यांची हयगय जबाबदार आहे. यापुढे कमी शक्तीच्या कॅलिबरची रिव्हॉल्व्हर घ्यावीत, मॉडेल व फ्रेम पूर्वीचीच ठेवावी.

मी त्या वाक्यांपर्यंत टाइप केलं. मग रोलर चार ओळी पुढे सरकवला आणि त्यानंतरचा मजकूर टाइप करून कागद सरांच्या टेबलावर ठेवून आले.

त्यांनी अर्ध्या तासाने बोलावलं. चार ओळींच्या त्या मोकळ्या जागेवर त्यांचं बोट होतं.

"हे राहिलंय."

"राहिलं नाही सर. मी सोडलंय."

गुरुप्रसाद सर वाईट माणूस नव्हते, हे इथेच लिहून टाकते. पप्पांची पेटी विमानात चढवायला लागणारे कागद त्यांनी दोन दिवसांत मिळवले होते, आणि त्यासाठी तीन खात्यांच्या दारात स्वतः उभे राहिले होते. ते पुण्याचे हिशेबनीस. खुलासा नसलेला रकाना त्यांना सहन होत नसे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"अ‍ॅग्नेस, कुणाचं तरी नाव लागतंच. पोलीस खात्याला कारण हवंय, नाहीतर परवाना जातो. जिवंत माणसाचं नाव लावलं तर त्याची भाकरी जाते. तुझ्या वडिलांचं आता काय जाणार आहे?"

मी दुसरंच विचारलं. सही कधी व्हायची आहे? शनिवारी सकाळी दहाला, मालकांच्या खोलीत. त्याच वेळी नव्या रिव्हॉल्व्हरची ऑर्डरही जाणार होती.

"मग शनिवारी दहापर्यंत ती जागा मोकळी राहू दे," मी म्हटलं. "कारण मी आणून देते."

 सर म्हणाले, "पुरावा लागेल. मुलगी म्हणून सांगितलेलं चालणार नाही."

मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे.

पप्पांनी मुंबईत फोर्टातल्या एका पारशी बंदूकवाल्याकडे सतरा वर्षं काढली होती. कानस, तेल आणि कपडा एवढ्यावर माणूस किती शिकतो हे त्यांच्याकडे पाहून कळायचं. त्यांना वाचनाची आवड नव्हती. रात्री जेवताना मी दिवसभरात वाचलेलं काही सांगायची आणि ते ऐकायचे, नंतर त्यांच्या बाकावरचं काहीतरी मला सांगायचे. माझ्या पुस्तकांइतकीच रिव्हॉल्व्हर मला अशी माहीत झाली, जेवणाच्या ताटावर.

लोक दुकानात येऊन पहिल्यांदा कॅलिबर विचारतात, ते म्हणायचे. थर्टी टू द्या, थर्टी एट द्या. मोठा आकडा म्हणजे मोठा मर्द. पण कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी. फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा लोखंडी सांगाडा, आणि एकच थर्टी एटची गोळी लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही फ्रेमांत मिळते. लहान फ्रेम खिशात मावते, पण पाचच गोळ्या बसतात आणि उडवताना हाताला फार हिसका देते. मोठी फ्रेम वजनदार असते, हिसका गिळून टाकते, पण तिच्या मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचं अंतर जास्त. ते अंतर बोटाला गाठता आलं नाही तर बाकी सगळं फुकट.

"बाय, कॅलिबर गोळीचं असतं. फ्रेम हाताची." हे त्यांचं वाक्य. चमचा मुठीत धरून ते दाखवायचे, तर्जनीचं पहिलं पेर कुठे टेकायला हवं ते.

कंपनीला परवानगी मिळाली तेव्हा, १९७९ च्या हिवाळ्यात, नमुन्याला एक रिव्हॉल्व्हर आलं होतं. थ्री फिफ्टी सेव्हन, मोठी फ्रेम. आमच्या मालकांना सगळे अर्बाब म्हणत. बहरीनी गृहस्थ, तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदुस्तानी अस्खलित. त्यांचा हात तव्याएवढा. त्यांनी ते उचललं, मनगट हलवून पाहिलं आणि म्हणाले, हे बरोबर आहे, दिसायलाही जरब आहे. खोलीतल्या सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. पप्पांनी तेवढ्यात सांगून पाहिलं, की आधी माणसांचे हात बघू या. मग सरांनी रीतसर चाचणी ठेवली. मैदानात चौदा पहारेकरी रांगेत उभे केले, एकेकाला पुढे बोलावून सर्वांसमोर विचारलं, नीट बसतं ना हातात? चौदाही जणांनी होय म्हटलं आणि सह्या केल्या.

त्या संध्याकाळी पप्पा हसतही होते आणि चिडलेही होते. "पगार लहान म्हणेल, खोली लहान म्हणेल. तेरा जणांसमोर माझा हात लहान आहे असं कोण म्हणणार?"

ऑर्डर गेली. नंतर पप्पांनी लाकडी मुठी कानशीने घासून पातळ केल्या. त्यानं बाजूंची जाडी कमी होते, पण मागचं लोखंड आणि चाप आपापल्या जागीच राहतात. ते म्हणाले होते, पुढच्या ऑर्डरीला बघतो.

मी पुरावा शोधायचं म्हणत होते, आणि पप्पांचं हे सगळं तोंडी होतं. इथे आल्यापासून त्यांचं प्रत्येक पत्र मीच टाइप केलं होतं, त्यात फ्रेमबद्दल एक ओळ नव्हती. विरुद्ध बाजूला चौदा सह्या होत्या.

म्हणून गुरुवारी दुपारी अर्धी सुट्टी झाल्यावर मी शेअर टॅक्सीने सनद गावी गेले. अहमद अपघातापासून घरी बसून होता. शनिवारी अर्बाबसमोर त्यालाही बोलावलं होतं.

त्याची बायको झोहरा मला दारातच बिलगली. माझ्या आईच्या वयाची नव्हती, पण तशी बिलगली. अहमद तिच्यामागे उभा होता, बारीक चणीचा, पस्तिशीचा, नखांची निगा राखणारा. आम्ही हिंदीत बोललो, कारण पहारेकऱ्यांमध्ये तीच चालायची. पप्पांबद्दल जे बोलायचं ते तो नीट बोलला. चहा आला, खजूर आला. मग मी विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं?

क्रेनवरून पिंप पडलं, तो म्हणाला. मोठा आवाज झाला. त्याने रिव्हॉल्व्हर काढलं. ते आपोआप सुटलं. खलास.

मी म्हटलं, रिव्हॉल्व्हर आपोआप सुटत नाही. नुसता चाप ओढून उडवायचं तर बोटाला जवळजवळ पाच किलोचा जोर लावावा लागतो. पण कुणी आधी अंगठ्याने मागचा घोडा ओढून चढवला, तर चाप बोटाजवळ मागे येतो आणि अगदी हलका होतो, दीड किलोवर. आणि चढवलेला घोडा पुन्हा हळूच खाली सोडताना अंगठा घामाने सटकला तर गोळी जाते. ऑगस्टमध्ये मीना सलमानला घाम किती येतो हे तुला माहीत आहे.

अहमद खजुराची बी ताटलीत फिरवत राहिला.

"अहमदभाई, घोडा चढवला होता का?"

"बिंत युस्टेस," तो म्हणाला, युस्टेसची मुलगी, तो मला हेच म्हणायचा, "लिहिणारे लिहितात. तुझ्या बापावर दोष आला, मला वाईट वाटतं. माझ्यावर आला तर ही काय खाईल?"

मी म्हटलं, मला दोष तुझ्यावर ढकलायचा नाही. पण ते त्याला खरं वाटावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.   झोहराने विषय बदलायला म्हणून हसत तक्रार सुरू केली. माझे वडील भला माणूस, पण एक वचन त्यांनी पुरं केलं नाही. अहमदला हातमोजे देतो म्हणाले होते. थंडीच्या रात्रपाळीसाठी, इंग्लंडहून येणार होते. कागदावर हात ठेवून पेन्सिलीने मापसुद्धा घेतलं, अंगठी काढायला लावून. अहमदने गल्लीत सगळ्यांना सांगितलं. दोन हिवाळे गेले, मफी, काहीच नाही.

"सगळ्यांचं घेतलं माप," अहमद म्हणाला. "चौदाही जणांचं. रोज विचारायचो आम्ही. युस्टेस, हातमोजे? तो म्हणायचा, इंशाल्ला."

मी कप खाली ठेवला. बहरीनच्या थंडीला स्वेटर पुरतो. आणि पप्पांचं हातमोज्यांचं एकही पत्र मी कधी टाइप केलं नव्हतं.

शुक्रवारी मिस्सा संपल्यावर मी चर्चच्या आवारात कुणाशी न बोलता निघाले. लोकांना माझ्याशी बोलायचं होतं, वसईच्या बायकांना तर रडायचंही होतं. मी हात जोडून, मान हलवून त्यांच्यामधून वाट काढली. मीना सलमानला फाटकावर राजन होता, रत्नागिरीकडचा, अजून किंचित लंगडत होता. वर्कशॉपची किल्ली त्याच्याकडे असे. कुलूप उघडताना तो म्हणाला, "ताई, काकांच्या सामानात आमचे हातमोजे सापडले तर बघा हो." आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने घाईने दार ढकललं. मी म्हटलं, तेच शोधायला आले आहे.

आत सगळं होतं तसंच होतं. बाकावरची कानस कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती, एवढाच बदल. मी खुर्चीवर बसले नाही. फळीवर फायली होत्या, त्यांच्या कण्यांवर पप्पांचं ठसठशीत अक्षर. तेल व कपडा. सुटे भाग. गणवेश, हिवाळी. गणवेशांच्या गठ्ठ्यातच, स्वेटर आणि रेनकोटच्या मध्ये, एक पातळ फाइल होती. हातमोजे.

आत खाकी कागदाचे चौदा तुकडे होते. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला एक पंजा आणि खाली नाव. हातमोज्याचं माप घेणारा माणूस बोटांची लांबी मोजेल, तळव्याची रुंदी मोजेल. इथे त्यातलं काहीच मोजलेलं नव्हतं. प्रत्येक पंजावर एकच सरळ रेघ होती, अंगठा आणि तर्जनी जिथे मिळतात त्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत. रेघेवर आकडा, मिलिमीटरमध्ये. शेवटी पंधरावा कागद, त्यावर रिव्हॉल्व्हरच्या तीन मुठी एकाखाली एक काढलेल्या, मुठीच्या पाठीपासून चापापर्यंत तशीच रेघ. मोठी, सत्त्याहत्तर. मध्यम, सत्तर. लहान, पासष्ट. खाली मराठीत लिहिलं होतं:

‘पुढील ऑर्डरीस दाखवणे. मध्यम फ्रेम, थर्टी एट, चार इंच नळी. लहान फ्रेम नको, गोळ्या पाच व हिसका फार. नावे कोणासही दाखवू नयेत.’

तारीख डिसेंबर १९७९ची.

मी बाकावर कागद मांडले आणि आकडे वाचले. चौदापैकी अकरा हात सत्त्याहत्तरच्या आत होते. अहमद, एकाहत्तर. राजन, सत्तर, त्यापुढे ‘मूठ अजून घासणे’. म्हणजे अकरा माणसं दोन वर्षं असं शस्त्र कमरेला लावून फिरत होती ज्याच्या चापापर्यंत त्यांचं बोट नीट पोचत नव्हतं, आणि घोडा चढवल्याशिवाय त्यांना ते उडवता येणार नव्हतं. पप्पांना हे मोजून माहीत होतं. पण त्या अकरा जणांना खाली बघावं लागू नये म्हणून त्यांनी मापाला हातमोज्यांचं नाव दिलं, इंग्रजीत काही लिहिलं नाही, मलाही टाइपला दिलं नाही, आणि फाइल अशा जागी ठेवली की ऑफिसातलं कुणी दहा वर्षं तिला हात लावणार नाही. पुढची ऑर्डर त्यांच्या हयातीत निघाली नाही.

त्यांनी चौदा जणांचे हात काढले होते. स्वतःचा काढला नव्हता. मी फाइल दोनदा उलटून पाहिली.

मग फाइल पिशवीत घातली आणि राजनला किल्ली परत दिली. जाताना त्याला म्हटलं, हातमोज्यांचं बघते.

शेवटच्या ओळीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उरला. नावं दाखवू नयेत, असं ते लिहून गेले होते. त्यांचं नाव वाचवायला मी त्यांचाच शब्द मोडणार का? घरी आल्यावर मी बराच वेळ त्या कागदांसमोर बसले. मग कात्री घेतली आणि प्रत्येक कागदाच्या तळची नावाची पट्टी सरळ कापून काढली. चौदा पट्ट्या मी पप्पांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवल्या. अजून तिथेच आहेत.

शनिवारी दहाला अर्बाबच्या खोलीत आम्ही चौघं होतो. अर्बाब टेबलामागे, गुरुप्रसाद सर उजवीकडे, अहमद दाराशी उभा, मी टेबलासमोर. कपाटातून अपघातातलं ते रिव्हॉल्व्हर आणि एक लिफाफा मागवला होता. मी पहिल्यांदा सिलिंडर बाहेर काढून सहाही भोकं रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवलं, जसं पप्पा दरवेळी दाखवायचे, मोजून, घाई न करता. नळी भिंतीकडे करून ते ठेवलं.

सरांनी अहवालाचा सारांश सांगितला. कॅलिबर फार शक्तीचं होतं, आता थर्टी एट घेऊ.

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी कुठली गोळी सुटली?"

त्यांनी लिफाफा उघडून त्या गोळीची रिकामी पुंगळी काढली आणि तिच्या बुडावरचं अक्षर चष्मा वर करून वाचलं. तिथे थर्टी एट लिहिलेलं होतं. थ्री फिफ्टी सेव्हनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी एटची गोळी चालते. पप्पांनी पहिल्या दिवसापासून तीच दिली होती, जोर कमी असावा म्हणून.  म्हणजे ऑर्डरमध्ये जे बदलायचं ते पप्पांनी दोन वर्षांपूर्वीच बदललं होतं, आणि जे बदलायला हवं होतं ते तसंच पुन्हा मागवलं जाणार होतं.

मी कागद मांडले. चौदा पंजे, बिननावाचे, आणि तीन मुठी. अर्बाबनी आपला हात एका पंजावर ठेवून पाहिला. पेन्सिलीची रेघ त्याखाली पूर्ण दिसेनाशी झाली.

सर म्हणाले, हे ठीक, पण चाचणीत सगळ्यांनी नीट बसतं म्हणून सह्या केल्यात. त्या कागदाचं काय करायचं?

"तुम्ही धरून बघाल का सर?" मी म्हटलं. "रिकामं आहे. भिंतीकडे करून, नुसता चाप ओढायचा."

अर्बाबसमोर त्यांना नाही म्हणता येईना. सरांचा हात नाजूक होता, लेखणीचा. त्यांनी मूठ धरली. तर्जनी चापाच्या कडेला जेमतेम टेकली. त्यांनी ओढून पाहिलं, घोडा अर्धा उठून परत बसला. मग त्यांनी, कुणी न शिकवता, मूठ तळव्यात बाजूला सरकवली. नळी भिंतीवरून अर्बाबच्या कपाटाकडे वळली. तरी जमेना. आणि मग त्यांचा अंगठा हळूच वर गेला, घोड्यावर बसला आणि त्याने तो मागे ओढला. खट्.

"नीट बसतं," गुरुप्रसाद सर म्हणाले.

 सरांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

दाराशी आवाज झाला. अहमद हसत होता, कुचेष्टेने नव्हे, सुटल्यासारखा.

"साहेब," तो म्हणाला, "मीही असंच म्हणालो होतो. मैदानात. आणि गोदामाच्या दारात मीही हेच केलं. बोट पोचत नाही. अंगठ्याने चढवलं. मग पाहिलं तर पिंप होतं, चोर नव्हता, म्हणून खाली सोडायला गेलो आणि अंगठा सटकला." त्याने आपला हात पुढे केला, लहान, स्वच्छ नखांचा. "युस्टेसला ठाऊक होतं. त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही."

मी सरांच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली आणला आणि ते कपड्यावर ठेवलं. 

अर्बाब उठून टेबलाच्या पुढे आले. अहमदच्या पंजाला आपला पंजा लावून उभे राहिले. अहमदची बोटं त्यांच्या दुसऱ्या पेरापर्यंतच पोचली.

"मी माझ्या अंगाचा कोट शिवला," ते हिंदुस्तानीत म्हणाले, "आणि चौदा जणांना घातला." मग सरांकडे वळून: "लिहा, निवड चुकली. निवड माझी होती. आणि याला उद्यापासून कामावर घ्या."

सरांनी विचारलं, खात्याला असं लिहून कसं चालेल? अर्बाब म्हणाले, चालेल, खात्यातल्या साहेबाचाही हात मी पाहिला आहे, लहानच आहे.

बाहेर आल्यावर गुरुप्रसाद सर माझ्या टेबलापाशी थांबले. चौथं पान त्यांच्याच हातात होतं. त्यांनी आपल्या हस्तलिखितातली ती दोन वाक्यं एकेक करून खोडली, पट्टी धरून, हिशेबनीस खोडतात तशी.   चार ओळींची जागा होती, तेवढ्यात फ्रेम, अंतर आणि अर्बाबचं वाक्य बरोबर मावलं.

मग मी ऑर्डरचा फॉर्म मशीनवर चढवला. रिव्हॉल्व्हर, चौदा. थर्टी एट. मध्यम फ्रेम, चार इंच नळी, सहा गोळ्यांची. खाली छापील रकाना होता, ‘निवड कोणी केली’. तिथे मी युस्टेस डाबरे असं टाइप केलं आणि पुढे डिसेंबर १९७९. त्याखाली दोन ओळी सोडून आणखी एक बाब घातली. लोकरीचे हातमोजे, चौदा जोड, मापं सोबत.

सरांनी सही करताना तिथे बोट ठेवलं.

"बहरीनला हातमोजे?"

"माप घेऊन ठेवलंय सर," मी म्हटलं. "माणसं दोन वर्षं थांबली आहेत."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही बाबींच्या पुढे सही केली.